कीर्तनाची १९९५ची व्हीएचएस कॅसेट: डिजिटल केल्यावर आवाज मागे पडतोय

खाडीकाठ (रविवार, रात्री ९.४०)

नमस्कार. माझे आजोबा कीर्तनकार होते. आम्ही त्यांना आबा म्हणायचो. १९९५च्या माघी गणेशजयंतीला आमच्या गावच्या देवळात त्यांचं कीर्तन झालं, तेव्हा काकांनी कॅमेरा भाड्याने आणून ते व्हीएचएसवर घेतलं होतं. ई-१८०, म्हणजे तीन तासांची कॅसेट आहे, जवळजवळ पूर्ण भरलेली. पूर्वरंग, मध्यंतर, उत्तररंग, शेवटची आरती, सगळं त्यात आहे. आबांचा आवाज असलेली घरात ही एकच वस्तू उरली आहे.

काही वर्षांपूर्वी एका स्टुडिओतून तिची डीव्हीडी करून घेतली होती. त्यात ओठ आणि आवाज जुळत नाहीत, आणि मध्यंतरानंतर तर बघवत नाही. म्हणून आता शेजाऱ्यांचा व्हीसीआर आणून मी स्वतःच करते आहे. चित्र यूएसबी कॅप्चर स्टिकमधून लॅपटॉपवर घेतलं. स्टिकमधून येणारा आवाज फार खरखरीत होता, म्हणून आवाजाची वायर वेगळ्या यूएसबी साउंड कार्डात लावली. स्टिकबरोबर आलेलं सॉफ्टवेअर वापरलं.

सुरुवातीला सगळं नीट आहे. पण शेवटाकडे आबांच्या चिपळ्या एकमेकींवर आपटताना दिसतात आणि आवाज साधारण दोन सेकंदांनी येतो. शिवाय मागे सतत भुणभुण आहे आणि फितीची सळसळ आहे ती वेगळीच. काय करू?

बिनतारी (रविवार, रात्री १०.१५)

ताई, सोपं आहे. शेवटी नेमका किती फरक पडतो ते मोजा आणि पूर्ण आवाजाची लांबी तेवढी कमी करा. ऑडॅसिटी या आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन मिनिटांचं काम आहे. मी घरच्या तीन कॅसेट अशाच केल्या.

षड्ज (रविवार, रात्री ११.०२)

खाडीकाठ, कृपया अजून काहीही ताणू किंवा आखडू नका. आधी मोजा, आणि फक्त शेवटी नाही, निदान सात-आठ ठिकाणी मोजा.

आवाज तीन प्रकारे बिघडतो आणि तिन्हींचा इलाज वेगळा आहे. पहिल्या प्रकारात सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखाच फरक असतो. तिथे आवाज नुसता सरकवला की झालं. दुसऱ्यात फरक हळूहळू, एकाच गतीने वाढत जातो. तुम्ही चित्र एका उपकरणातून आणि आवाज दुसऱ्यातून घेतला आहे. दोघांची घड्याळं वेगळी. साउंड कार्ड सेकंदाला आवाजाचे ४८,००० नमुने घेतो म्हणतं, प्रत्यक्षात चार-दोन कमीजास्त घेतं. तीन तासांत ते दिसायला लागतं. तिसऱ्या प्रकारात फरक पायऱ्यापायऱ्यांनी वाढतो. फितीवर जिथे सिग्नल तुटतो तिथे स्टिकला चित्राच्या फ्रेम मिळत नाहीत, पण आवाज चालूच राहतो. चित्र तेवढं आखूड होतं आणि तिथून पुढचा सगळा आवाज मागे पडतो. तुमच्यात यातले दोन एकत्र असावेत असा माझा कयास आहे.

चिपळ्या आहेत हे तुमचं भाग्य समजा. सिनेमावाले सुरुवातीला पाटी आपटतात ती याचसाठी. चिपळ्या एकमेकींना लागल्याची फ्रेम शोधा, आवाजाच्या लहरीतलं टोक शोधा, दोघांतलं अंतर लिहा. आपल्याकडच्या पाल या टीव्ही पद्धतीत सेकंदाला २५ फ्रेम, म्हणजे एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची असते, म्हणून एका ठोक्यावर विसंबू नका. प्रत्येक ठिकाणी तीन ठोके मोजा आणि सरासरी घ्या. चिपळ्या नसतील तिथे ‘प’, ‘ब’, ‘म’ शोधा. ओठ मिटून उघडतात तो क्षण नेमका सापडतो.

खाडीकाठ (मंगळवार, रात्री ८.२०)

दोन संध्याकाळी बसून मोजलं. वेळ आणि आवाज किती मागे आहे, ते असं:

३ मिनिटं: ०
३० मिनिटं: ०.१२ सेकंद
५८ मिनिटं: ०.२४
१ तास ४ मिनिटं: १.०३
१ तास ३० मिनिटं: १.१५
२ तास: १.२८
२ तास ३१ मिनिटं: १.९८
२ तास ४५ मिनिटं: २.०४

५८ मिनिटं ते १ तास ४ मिनिटं यांच्यामध्ये एकदम उडी आहे. तिथे मध्यंतर आहे. पूर्वरंग संपतो, बुक्का लावतात, आणि काकांनी तेवढ्यात कॅमेरा बंद करून परत सुरू केला आहे. जोडावर चित्र फाटतं. दुसरी उडी २ तास २० मिनिटांच्या आसपास असावी, तिथे पडद्यावर आडव्या पांढऱ्या रेघा येतात.

षड्ज (मंगळवार, रात्री १०.३०)

इतकं नीट मोजून कोणी आणत नाही. मनापासून कौतुक वाटलं.

आता आकडे वाचू. ३ ते ३० मिनिटं, म्हणजे २७ मिनिटांत ०.१२ सेकंद. ३० ते ५८ मध्ये परत ०.१२. मध्यंतरानंतर २६ मिनिटांत ०.१२, पुढच्या अर्ध्या तासात ०.१३. म्हणजे खालून एक सरळ उतार चालला आहे, मिनिटाला साधारण ०.००४४ सेकंद. हा साउंड कार्डाच्या घड्याळाचा दोष. तो शेवटपर्यंत धरला तर १६२ मिनिटांत ०.७२ होतो. उरलेले १.३२ सेकंद त्या दोन उड्यांचे आहेत. मध्यंतराला ०.७६ म्हणजे १९ फ्रेम, आणि रेघांच्या जागी ०.५६ म्हणजे १४ फ्रेम. एकूण ३३ फ्रेम तुमच्या लॅपटॉपवर पोचल्याच नाहीत.

बिनतारी यांची रीत इथे का चालणार नाही तेही बघा. पूर्ण आवाज २.०४ सेकंदांनी आखूड केला, तर ५८व्या मिनिटाला तो ०.६९ सेकंद पुढे ओढला जाईल. तिथे गरज आहे फक्त ०.२४ची. म्हणजे आवाज चित्राच्या जवळजवळ अर्धा सेकंद *आधी* येईल. आणि आधी येणारा आवाज माणसाला फार लवकर खटकतो. आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेची बीटी.१३५९ ही शिफारस सांगते की आवाज ४५ मिलिसेकंद आधी आला तरी लक्षात येतो, मागे पडलेला मात्र १२५ पर्यंत सहज खपतो. कारण साधं आहे. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. देवळाच्या ओसरीच्या टोकाला, सतरा मीटरवर बसणाऱ्याला आबांचा आवाज ५० मिलिसेकंद उशिराच ऐकू येत होता. उशिराची कानाला जन्मभर सवय असते. ओठ हलायच्या आधी शब्द मात्र जगात कुठेच ऐकू येत नाही.

बिनतारी (मंगळवार, रात्री १०.५२)

पटलं. माझ्या तिन्ही कॅसेट परत तपासतो. शेवट जुळला म्हणून मी मधला भाग पाहिलाच नव्हता. खाडीकाठ ताई, घाईने सल्ला दिला, राग मानू नका.

जुना शूटर (बुधवार, सकाळी ७.१०)

मी कराडचा. १९८९ पासून वीस वर्षं लग्नं, मुंजी, जत्रा, कुस्त्यांचे फड शूट केले. वरचं गणित बरोबर आहे, पण बाई, आधी कॅसेट पुन्हा कॅप्चर करा. गेलेल्या ३३ फ्रेम एडिटिंगमध्ये परत येत नाहीत.

व्हीसीआरमधून येणारं चित्र स्थिर नसतं. फीत ताणली जाते, सैल पडते, जोडावर सिंकचा, म्हणजे चित्र जागेवर धरणारा, ठोका चुकतो. टीव्ही ते सांभाळून घेतो, यूएसबी स्टिक सांभाळत नाही. मध्ये काहीतरी असं हवं जे तुटकं चित्र धरून ठेवेल आणि पुढे नियमित सेकंदाला २५ फ्रेम देत राहील. त्याला टाइम बेस करेक्टर म्हणतात. खरा टीबीसी आज मिळणं कठीण आणि महाग. पण जुना डीव्हीडी रेकॉर्डर मिळाला तर बघा. पॅनासॉनिकचे ईएस-१० आणि ईएस-१५ या कामासाठी जगभर वापरतात. त्यात रेकॉर्ड काही करायचं नाही. व्हीसीआरची वायर त्याच्या इनपुटला, त्याच्या आउटपुटची वायर स्टिकला, बस.

आणि स्टिकबरोबरचं सॉफ्टवेअर सोडा. व्हर्च्युअलडब घ्या. ते फुकट आहे आणि किती फ्रेम गळल्या, किती घुसवल्या ते कॅप्चर चालू असताना दाखवत राहतं. आकडा हलला की त्या क्षणी कळतं.

कॅप्चर करण्याआधी कॅसेट एकदा पूर्ण पुढे आणि एकदा पूर्ण मागे गुंडाळा. वर्षानुवर्षं एका जागी पडलेल्या फितीचा ताण सारखा होतो. व्हीसीआरचं हेड, म्हणजे फीत वाचणारा भाग, साफ करून घ्या. आवाजाचं हेड कापसाच्या बोळ्याने आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसलं तर चालतं. चित्राच्या फिरत्या ड्रमला मात्र कापूस लावायचा नाही, तंतू अडकून हेड तुटतं. शॅमॉय चामडं ड्रमला आडवं धरून ड्रम हाताने फिरवायचा. वरखाली घासायचं नाही, कधीच नाही.

अटकेपार (बुधवार, दुपारी १.४५)

थोडं अवांतर, पण आवाजाचंच आहे. मी न्यू जर्सीत असतो. मुलांच्या लहानपणीच्या इथल्या कॅसेट आहेत. कॅप्चर ठीक झालं, एकही फ्रेम गळलेली नाही, तरी एडिटिंगमध्ये आणल्यावर आवाज तासाला साडेतीन सेकंदांहून थोडा जास्त मागे जातो. जोड असो नसो, अगदी सरळ रेषेत.

षड्ज (बुधवार, दुपारी २.३०)

३.६ सेकंद असणार, नीट मोजून बघा. अमेरिकेतली एनटीएससी पद्धत सेकंदाला ३० फ्रेमची नाही, २९.९७ची आहे. हजाराला एक इतका फरक, तासाचे ३,६०० सेकंद म्हणून ३.६. तुमच्या प्रोजेक्टने फाइल पूर्ण ३० धरली आहे, त्यामुळे चित्र थोडं पळतंय. फाइलचा फ्रेम रेट २९.९७ करा. आवाजाला हातही लावू नका.

जुना शूटर (बुधवार, दुपारी ४.०५)

अटकेपार, त्या कॅसेट तिथल्याच मशिनवर कॅप्चर करा, भारतात पाठवू नका. इथले व्हीसीआर एनटीएससी कॅसेट चालवतात खरे, पण बरेचसे बाहेर देतात ते ६० हर्ट्झचं पाल. स्टिक त्यात गोंधळते.

खाडीकाठ (शनिवार, सकाळी ११.००)

डीव्हीडी रेकॉर्डर मिळाला! रत्नागिरीत एका जुन्या टीव्ही दुरुस्तीवाल्या काकांकडे होता. ट्रे बिघडलेला आहे, पण आरपार सिग्नल जातो. उद्या परत कॅप्चर करते. त्याआधी त्या भुणभुणीचं काय?

षड्ज (शनिवार, सकाळी ११.४०)

कॅसेट थांबवा आणि वायर तशाच ठेवून रेकॉर्डिंग ऐका. भुणभुण चालूच राहिली तर ती फितीत नाही, तुमच्या जोडणीत आहे. मग लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवून बघा. थांबली तर अर्थिंगचा घोळ आहे: व्हीसीआर एका सॉकेटवर आणि लॅपटॉप दुसऱ्यावर असला की असं होतं. ही आपल्याकडच्या विजेचीच भुणभुण, ५० हर्ट्झ आणि तिच्या पटी १००, १५०. सॉफ्टवेअरने ती काढता येते, पण आबांचा खर्ज त्याच पट्ट्यात असणार. मुळात येऊच न देणं शंभर पटीने बरं.

साउंड कार्डावर लाइन-इन (व्हीसीआरसारख्या यंत्राचा जोरदार सिग्नल घेणारं छिद्र) आहे की फक्त माइक? माइकच्या छिद्रात व्हीसीआरची वायर लावली तर आवाज फाटतो, आणि फाटलेला आवाज नंतर शिवता येत नाही. आरतीच्या झांजा सगळ्यात मोठ्या वाजतात ना, तिथे आवाजाचा काटा उणे ६ डेसिबलच्या वर जाता कामा नये इतकी पातळी ठेवा. फाइल डब्ल्यूएव्ही, ४८ किलोहर्ट्झ. एमपी३ मध्ये थेट घेऊ नका.

खाडीकाठ (शनिवार, दुपारी १२.२५)

चार्जर काढला आणि भुणभुण थांबली! दोन आठवडे मला वाटत होतं की ती देवळातल्या लाउडस्पीकरची आहे.

छिद्र माइकचंच होतं. लाइन-इन असलेलं कार्ड भाच्याकडे आहे, ते मागवते... की तेच कार्ड ठेवावं? उतार बदलेल ना?

षड्ज (शनिवार, दुपारी १२.५०)

बदलू दे. नव्या कार्डाचा उतार पुन्हा मोजायचा, चार जागा पुरतील. फाटलेल्या आवाजापेक्षा तो त्रास कमी आहे.

चाफेकळी (शनिवार, रात्री ९.१५)

धागा वाचून विचारावंसं वाटलं. माझ्या आईबाबांच्या लग्नाची, १९९२ची कॅसेट आहे. मंगलाष्टकं माझ्या आजीने म्हटली होती, असं सगळे सांगतात. आजी मी जन्मायच्या आधीच गेली. पण कॅसेटमध्ये मंगलाष्टकांवर पूर्ण वेळ सिनेमाची गाणी टाकली आहेत. आजी उभी दिसते, तिचे ओठ हलतात, आणि ऐकू येतं भलतंच. गाण्याखालून मूळ आवाज वर काढता येतो का?

जुना शूटर (रविवार, सकाळी ६.५०)

पोरी, हे वाचून रात्री झोप लागली नाही. अशी कामं मी स्वतः केलेली आहेत. त्या काळी गिऱ्हाईक मागायचं आणि आम्हालाही त्यात शोभा वाटायची. मंडपातला गोंगाट, जनरेटरची घरघर लपवायला गाणं टाकणं सोपं पडायचं. त्या आवाजांत कुणाची आजी आहे हा विचार आम्ही केला नाही.

आता काय शक्यता आहे ते सांगतो. व्हीएचएसवर आवाज दोन जागी असू शकतो. एक फितीच्या काठावरची साधी पट्टी, प्रत्येक कॅसेटवर असते. दुसरा हाय-फाय. तो फिरत्या ड्रमवरची हेडं चित्राच्याच जागेत, चित्राच्या खालच्या थरात लिहितात. ऑडिओ डबचं बटण दाबून गाणं टाकलं की फक्त काठाची पट्टी पुसली जाते. हाय-फाय पुसता येत नाही, पुसायचा तर चित्रही पुसावं लागेल.

म्हणून बघायचं ते असं. हाय-फाय व्हीसीआर मिळवा. ऑडिओचं बटण दाबत ‘नॉर्मल’वरून ‘हाय-फाय’वर जा. शूटिंग हाय-फाय यंत्रावर झालं असेल, आणि तुमच्याकडची कॅसेट नक्कल नसून त्याच मूळ फितीवर गाणं डब केलेलं असेल, तर खाली आजीचा आवाज जसाच्या तसा असेल. पण खोटी आशा लावत नाही. तेव्हाचे बहुतेक कॅमेरे साधे मोनो होते, आणि घरी यायची ती बहुधा मास्टरवरून, म्हणजे मूळ कॅसेटवरून, केलेली नक्कल.

षड्ज (रविवार, सकाळी ९.२०)

हाय-फाय सापडला आणि त्यात ‘डर्रर्र’ असा आवाज आला तर घाबरू नका. पालमध्ये ड्रम सेकंदाला २५ फेरे घेतो, त्यावर दोन हेडं, म्हणजे सेकंदाला ५० वेळा एका हेडवरून दुसऱ्यावर उडी. ट्रॅकिंग, म्हणजे हेडचं फितीवरच्या रेघांवर नेमकं चालणं, चुकलं की त्या उड्या ऐकू येतात. ट्रॅकिंग हाताने थोडं थोडं फिरवत आवाज ऐका, चित्राकडे बघू नका. कधी चित्र किंचित बिघडतं पण आवाज स्वच्छ होतो. मग दोनदा कॅप्चर करायचं, एकदा चित्रासाठी, एकदा आवाजासाठी.

सिनेमाचं गाणं आणि आवाज एकाच पट्टीवर आधीच मिसळलेले असतील तर वेगळे करणारी नवी सॉफ्टवेअर आहेत. ती गाण्यातला गाता गळा आणि वाद्यं वेगळी करतात. पण गाण्याचा गळा आणि आजीचा गळा एकत्र आले की त्यांना दोन्ही गळे सहसा नीट वेगळे ओळखता येत नाहीत. आणि गाणं डब केलं असेल तर मूळ आवाज त्या पट्टीवर उरलेलाच नसतो.

चाफेकळी (गुरुवार, रात्री १०.४०)

डोंबिवलीत एकांकडे हाय-फाय व्हीसीआर होता, त्यांनी आनंदाने लावून दाखवला. हाय-फायचा दिवा लागलाच नाही. काठाची पट्टी तेवढी आहे, आणि तीवर गाणं.

जुना शूटर (शुक्रवार, सकाळी ७.००)

मग ती नक्कल आहे किंवा कॅमेरा मोनो होता. पण अजून एक दार आहे. लग्नात मुलाकडच्यांची आणि मुलीकडच्यांची कॅसेट बरेचदा वेगळी व्हायची, कधी शूटिंगवालाही वेगळा. आणि काही लोक न कापलेल्या कच्च्या कॅसेट मागून घ्यायचे. आईच्या माहेरी विचारा. ‘लग्नाची कॅसेट आहे का’ असं विचारू नका, लोक हीच दाखवतील. ‘माळ्यावर पट्ट्या न चिकटवलेल्या, नाव नसलेल्या कॅसेट आहेत का’ असं विचारा.

खाडीकाठ (रविवार, सायंकाळी ६.१५)

दुसरं कॅप्चर झालं. लाइन-इनवालं कार्ड अजून आलं नाही, म्हणून जुन्याच कार्डावर पातळी अगदी खाली उतरवून घेतलं. आरतीला काटा उणे ९ वर होता, आवाज फाटलेला नाही. पूर्ण २ तास ४८ मिनिटांत व्हर्च्युअलडबमध्ये गळलेल्या फ्रेम शून्य. मध्यंतराच्या जोडावर चित्र क्षणभर थिजतं आणि पुढे जातं. रेघांच्या जागीही तसंच.

मोजलं ते असं: ३ मिनिटांना आवाज ०.०४ *पुढे*. १ तास ४ मिनिटांना ०.२३ मागे, २ तासांना ०.४८ मागे, २ तास ४५ मिनिटांना ०.६८ मागे. उडी कुठेच नाही. पण सुरुवातीला पुढे का?

षड्ज (रविवार, सायंकाळी ७.३०)

कारण डीव्हीडी रेकॉर्डर चित्र एक फ्रेम धरून मग सोडतो, आणि आवाज तुम्ही व्हीसीआरमधून थेट घेतला. एक फ्रेम म्हणजे ४० मिलिसेकंद. अगदी बरोबर आलं आहे.

उतार तोच जुना आहे, १६२ मिनिटांत ०.७२. म्हणजे तुमचं कार्ड सेकंदाला ४८,००० नाही, साधारण ४८,००३.५ नमुने घेतं. आता ऑडॅसिटीत आवाजाच्या पट्टीच्या मेनूत ‘रेट’मध्ये जाऊन ४८००४ लिहा आणि फाइल ४८००० ला एक्स्पोर्ट करा. पूर्णांक लिहावा लागतो म्हणून अर्ध्या नमुन्याची चूक राहते, तासाला ०.०३ सेकंद. म्हणून मध्यंतराला एकदा आवाज कापा आणि उत्तररंगाची पहिली चिपळी बघून परत जुळवा. हे सगळं करण्यापूर्वी, सुरुवातीला पुढे असलेला आवाज ४० मिलिसेकंद मागे सरकवून घ्या.

‘टेम्पो बदला’ हा पर्याय वापरू नका. तो स्वर तसाच ठेवून लांबी बदलतो, आणि त्यासाठी आवाजाचे तुकडे करून पुन्हा सांधतो. पेटीच्या लांब सुरावर ते सांधे ऐकू येतात. रेट बदलल्यावर स्वरही किंचित बदलतो, पण तो बदल मूळ स्वराकडे जाणारा आहे. कार्डाचं घड्याळ चुकल्यामुळे जो स्वर उतरला होता तो जागेवर येतो.

आणि काटछाट, शीर्षकं, जे काही करायचं ते याच्या *नंतर*. आधी कापलं की उतार मोजायला सलग रेघच राहत नाही. मूळ कॅप्चर तसंच वेगळ्या डिस्कवर ठेवा.

बिनतारी (रविवार, रात्री ८.१०)

सळसळीसाठी: ऑडॅसिटीत ‘नॉइज रिडक्शन’ आहे. दोन सेकंदांचा शांत भाग निवडून त्याला सळसळ ओळखायला लावायची, मग पूर्ण आवाजावर चालवायचं. यावेळी मी स्वतःच्या कॅसेटवर आधी करून पाहिलं आहे. १२ डेसिबलला बोलणं पाण्याखालून आल्यासारखं झालं, ६ ला ठीक वाटलं.

षड्ज (रविवार, रात्री ८.४५)

६ बरोबर आहे. एक भर घालतो. कीर्तनात ‘शांत’ भाग शोधताना पेटीचा सूर मागे चालू नाही ना हे नीट ऐका. पेटी नमुन्यात गेली तर सॉफ्टवेअर तिलाच सळसळ समजून सगळीकडून पुसत जातं. काकांनी कॅमेरा सुरू केला आणि आबा अजून उभे राहिले नाहीत, असे एखाद-दोन सेकंद असतील तर ते घ्या.

त्याआधी ११ किलोहर्ट्झच्या वरचं सगळं कापून टाका. काठाच्या पट्टीवर १० किलोहर्ट्झच्या वर काही लिहिलेलंच नसतं, तिथे फक्त सळसळ असते, आणि कधी टीव्हीची १५,६२५ हर्ट्झची बारीक शिट्टी. तुम्हाला ती ऐकू येणार नाही कदाचित, पण घरातल्या मुलांना येते.

आवाज अजूनही दबका, पांघरुणातून आल्यासारखा वाटला तर सॉफ्टवेअरने वर ओढू नका. व्हीसीआरचं आवाजाचं हेड ज्या कोनात आहे तो काकांच्या कॅमेऱ्याशी जुळत नसेल. दुसऱ्या व्हीसीआरवर लावून ऐका.

जुना शूटर (सोमवार, सकाळी ६.४५)

आणि हेडजवळचे स्क्रू फिरवायला जाऊ नका. त्याच भागावर फितीची चाल सांभाळणाऱ्या कंट्रोल ट्रॅकचं हेड आहे, आवाज सुधारताना ट्रॅकिंग हातचं जाईल.

खाडीकाठ (शनिवार, रात्री ११.२०)

झालं. सहा डेसिबलच ठेवले, चिपळ्यांची धार तशीच आहे.

आज रात्री बाबांना आणि काकांना दाखवलं. रेघांच्या जागी पूर्वी आबांचं एक वाक्य तुटायचं, डीव्हीडीत तर ते नव्हतंच. आता चित्र अर्धा सेकंद थिजतं पण वाक्य सलग ऐकू येतं. ते श्रोत्यांत बसलेल्या आमच्या आजीला उद्देशून काहीतरी बोलले होते. काकांना ते पाठ होतं, आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. काकांनी चित्र थांबवायला सांगितलं आणि परत लावायला सांगितलं, चारदा.

एक शेवटचा प्रश्न. माळ्यावर आबांची आणखी एक कॅसेट सापडली आहे. तिच्यावर काही लिहिलेलं नाही. कॅसेटच्या खिडकीतून बघितलं तर रिळाच्या कडेला पांढरे ठिपके आहेत, पिठासारखे.

जुना शूटर (रविवार, सकाळी ६.३०)

बुरशी आहे. कोकणातल्या पावसाळ्यात हमखास धरते. ती कॅसेट कुठल्याही व्हीसीआरमध्ये घालू नका, एकदाही नाही. बुरशी हेडवर बसते आणि तिथून पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागते. गुंडाळून बघायलाही नको, थर एकमेकांना चिकटलेले असले तर फीत तुटते.

हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर उभी ठेवा, घरात कोरड्या जागी. माझ्याकडे एक जुना व्हीसीआर फक्त याच कामाला ठेवला आहे, झाकण काढलेला. फीत हळूहळू चालवत मऊ कापडाने पुसून दुसऱ्या रिळावर घ्यायची. एका कॅसेटला एक दिवस जातो. पाऊस संपला की कराडला घेऊन या, पोस्टाने पाठवू नका.

चाफेकळी (रविवार, सकाळी ९.०५)

काका, माझंही सांगते. कोल्हापूरच्या मामांच्या माळ्यावर नाव नसलेल्या तीन कॅसेट निघाल्या. एकीला तसेच पांढरे ठिपके आहेत. मी पण घेऊन येऊ का?

जुना शूटर (रविवार, सकाळी ९.१२)

ये. तिन्ही आण.